दुर्मिळ म्हणजे नेमकं काय? नाणेसंग्रह, ठशांचे भेद आणि बाजारातला गाजावाजा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

या मालेसाठी बोलावणं आलं तेव्हा सूचना होती की 'जुनी नाणी कशी जमवावीत' यावर बोला. ते सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही विषय जरा बदलून घेतला. एखाद्या नाटकाचं किंवा कवितासंग्रहाचं आपण परीक्षण करतो, तसं आज नाण्यांच्या बाजारातल्या भाषेचं परीक्षण करायचं. 'रेअर', 'एरर', 'व्हरायटी', 'यूएनसी', 'टॉप ग्रेड' असे शब्द नाण्याच्या पाकिटावर लिहिलेले असतात. आतलं नाणं एक गोष्ट सांगतं आणि पाकीट भलतीच. आमची तक्रार पाकिटाबद्दल आहे.

आम्ही म्हणजे कोण, तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणारे काही हौशी लोक. कोणी कारखान्यातून निवृत्त झालेला, कोणी शिक्षक, कोणी कापडाच्या दुकानात बसणारा. संस्था नाही, फलक नाही. रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं. एक भिंग, एक डिजिटल काटा, एक लोहचुंबक आणि चहा, एवढीच सामग्री.

पूर्वी आमच्याकडे यायची ती शाळेतली मुलं, अल्बम काखेत मारून. आता येणारी माणसं वेगळी आहेत. एक प्रसंग सांगतो. एक काकू आल्या. रुमालात बांधलेलं एक नाणं होतं, २०१२ सालचं पाच रुपयांचं, माता वैष्णोदेवीचं. मोबाईलवर त्यांनी पाहिलं होतं की हे नाणं दहा लाखांना जातं. दिलेल्या नंबरवर फोन केला. आधी 'नोंदणी फी' भरली. मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं एक पत्र आलं, त्यासाठी 'मंजुरी फी' भरली. मग कुरिअरचा विमा. तीन वेळा पैसे गेले आणि पुढे फोन लागेना. काकूंनी आम्हाला एकच विचारलं, "माझं नाणं खोटं आहे का हो?"

नाणं खरं होतं. अगदी अस्सल, सरकारी टाकसाळीतलं, पाच रुपयांचं. बाजारात द्याल तर पाच रुपयांची कोथिंबीर मिळेल. खोटा होता तो त्याच्याभोवतीचा शब्द. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी बँक कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. पण पत्रक काकूंपर्यंत पोचलं नाही, व्हिडिओ पोचला.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की 'दुर्मिळ' हा शब्द पुन्हा एकदा तपासून घ्यायचा. फसवणारे लोक हा शब्द हवेतून आणत नाहीत. तो आमच्याकडूनच, म्हणजे संग्राहकांकडूनच उचलतात.

आता आपल्या गावांकडे येऊ. लेबलांच्या बाबतीत उल्हासनगरला कोणी शिकवायला नको. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय, आणि उल्हासनगरकर तो सर्वांत जास्त हसून सांगतात. पण त्या विनोदामागे एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची झालेली पायाभरणी. आजही पत्ता सांगताना आपण 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असंच म्हणतो.

या घरांतून कधी कधी पत्र्याच्या डब्यात ठेवलेली नाणी निघतात. आजोबांनी सिंधमधून येताना कमरेला बांधून आणलेली. त्यात हमखास असतो तो १९४७ चा रुपया, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला वाघ. घरच्यांची समजूत असते की हा चांदीचा, शेवटचा इंग्रजी रुपया. आम्ही खिशातून लोहचुंबक काढतो. नाणं टपकन चिकटतं. चांदी चिकटत नाही, निकेल चिकटतं. १९४६ साली अधेली आणि पावली निकेलची झाली, १९४७ ला रुपया. त्याआधी १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती. त्याच्या मागे जायचं तर १८३५ च्या कायद्याचा रुपया, वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे न झिजलेल्या राणीछाप रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, आणि १९४७ च्या रुपयात शून्य. तीन आकडे लक्षात ठेवा. कुठलाही दुकानदार यांच्याखाली भाव सांगायला लागला की उठून यायचं. पण यांच्या कितीतरी वर भाव सांगायला लागला तर 'का?' असं विचारायचं. पुढचं सगळं व्याख्यान या 'का'बद्दल आहे.

त्याच डब्यात कधी १९४४ किंवा ४५ चा रुपया असतो आणि त्यावर रोमन लिपीतलं बारीकसं 'एल' अक्षर. हा लाहोर टाकसाळीचा. ती टाकसाळ १९४३ मध्ये, युद्धकाळात नाण्यांची गरज वाढली तेव्हा सुरू झाली आणि चारच वर्षांत सीमेपलीकडे गेली. बाजाराच्या दृष्टीने या रुपयात विशेष काही नाही, ते कोट्यवधींनी पडले. पण सिंधमधून निघून कॅम्पात आलेल्या घरात लाहोरचा रुपया असणं, याचा अर्थ त्या घराला समजावून सांगायला आम्हाला फार आवडतं. एकदा असा रुपया बघून त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे हाही आमच्यासारखाच आला." त्यांनी तो विकला नाही. तो काही दुर्मिळ नव्हता, तरी आम्हाला त्यांचा निर्णय बरोबर वाटला.

आता ठशांकडे वळू. 'डाय व्हरायटी' हा शब्द ऐकला की लोक बिचकतात. पण अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत प्रेसवर काम केलेला माणूस समोर असेल तर आम्हाला काही समजावावं लागत नाही. वॉशर पाडायची डाय आणि नाणं पाडायची डाय यांचं दुखणं एकच. आधी मूळ नमुना, त्यावरून कडक पोलादाचा उठावाचा ठसा, त्यावरून कामाच्या अनेक डाय. वरची एक, खालची एक, मध्ये धातूची चकती, भोवती कडं. दणका बसला की नाणं तयार. डाय झिजते, तिला तडा जातो, कधी चकती न येताच दोन डाय एकमेकींवर आपटतात आणि एकीची खूण दुसरीवर उमटते. कामगार ती बदलतो किंवा घासून पुन्हा लावतो. मग एकाच सालाच्या, एकाच टाकसाळीच्या दोन नाण्यांत फरक दिसतो.

फरक दिसला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. पहिला, हा फरक डायमध्ये होता की नाणं पडल्यावर झाला? दुसरा, डायमध्ये होता तर तो मुद्दाम केलेला, चुकून झालेला, की नुसत्या झिजेचा? तिसरा, तो फरक आपल्याला काही सांगतो का?

तिन्ही प्रश्नांना उत्तम उत्तर देणारं उदाहरण आपल्या मुंबई टाकसाळीचंच आहे. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया. हा रुपया १८६२ मध्येच पडला असं नाही. पुढची बारा वर्षं, १८७४ पर्यंत, नाण्यावर साल १८६२ च राहिलं. मग कुठला रुपया कधीचा हे कसं ओळखायचं? मुंबईच्या टाकसाळीने सालाच्या आसपास बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. ठिपक्यांची संख्या आणि जागा बदलत गेली. त्यात राणीच्या चित्राचे आणि मागच्या नक्षीचेही बारीक प्रकार. मेजर प्रिडमोर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची जी सूची केली, तिच्यात हे प्रकार मांडले आहेत. नुसत्या डोळ्याला हे ठिपके म्हणजे माशी बसल्यासारखे वाटतात. पण भिंग लावून बसणाऱ्या लोकांनी ते मोजले म्हणून एका गोठवलेल्या सालामागची बारा वर्षं उलगडली. ठिपका मोजण्याला कोणी वेडेपणा म्हणत असेल तर आम्ही त्याच्याशी भांडू.

दुसरं उदाहरण १९११ चं. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर जी साखळी आहे, तिच्यात एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत मागवली, १९१२ पासून हत्ती नीट कोरला. इथे एका कारागिराच्या हातातल्या दोन रेषांनी सरकारला अडचणीत आणलं. १९११ चा रुपया आजही पुढच्या सालांपेक्षा महाग जातो आणि ते पटण्यासारखं आहे. त्याला कथा आहे आणि ती खरी आहे.

तिसरं १९८५ चं. देशात सुट्ट्या पैशांची टंचाई होती. आपल्या टाकसाळी पुऱ्या पडेनात म्हणून रुपयाची नाणी परदेशातही पाडून घेतली. बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीच्या रुपयावर सालाखाली 'एच' अक्षर आहे. जे आपण नेहमी बघतो ते इकडचं: मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. तर 'एच'चा रुपया त्या टंचाईचा साक्षीदार आहे. पण त्याच 'एच'वर आज व्हिडिओ निघतात, 'तुमच्याकडे हे नाणं असेल तर तुम्ही लखपती'. साक्षीदाराला लॉटरीचं तिकीट करून टाकलंय.

आता वाईट उदाहरण. नाण्यावर आकडा दुहेरी दिसतो, आणि पाकिटावर लिहितात 'डबल डाय, सुपर रेअर'. खरा दुहेरी ठसा म्हणजे डाय तयार करतानाच तिच्यावर नमुना दोनदा, किंचित सरकून बसलेला. अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. त्यावरची अक्षरं अशी दुहेरी आहेत की भिंगाची गरज नाही. पण आमच्यासमोर येतात त्यातली बहुतेक नाणी तशी नसतात. दणका बसल्यावर डाय जराशी हलली, अक्षराच्या कडेला सपाट पायरी घासली गेली, एवढंच. प्रेसवाला याला 'घसट' म्हणेल आणि पुढच्या कामाला लागेल. पहिल्या प्रश्नालाच हे नाणं नापास होतं. तसंच थोडं सरकलेलं चित्र, थोडी फिरलेली मागची बाजू, कडेला बुजलेलं अक्षर. कोट्यवधी नाणी पाडणाऱ्या यंत्राकडून हे व्हायचंच. त्याला 'एरर' म्हणा, हरकत नाही. पण प्रत्येक एररला हजारांत भाव लावणं म्हणजे कारखान्यातल्या रिजेक्ट मालाला शिल्प म्हणण्यासारखं आहे.

इथे 'बंद पडलेलं' आणि 'दुर्मिळ' यांचीही गल्लत होते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. लगेच चार आण्यांचं नाणं 'अँटिक' झालं! अहो, ते घराघरांतल्या गल्ल्यांत, देवघराच्या कोनाड्यात भरून पडलंय. आणि उलट बाजूने, सरकार स्वतः संग्राहकांसाठी म्हणून जी नाणी काढतं, उदाहरणार्थ नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं २०२३ चं पंच्याहत्तर रुपयांचं नाणं, ती मुळात बाजारात फिरायला काढलेलीच नसतात. ती मखमली खोक्यात विकायला काढलेली. 'हे कधी कोणाच्या हातात दिसत नाही, म्हणून दुर्मिळ' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. लग्नाची पत्रिका कोणी बसमध्ये तिकीट म्हणून देत नाही, तसं आहे ते.

आता प्रतवारी, म्हणजे ग्रेडिंग. आपल्याकडे हे काम नवं नाही. पोतदार हे आडनाव कुठून आलं? खजिन्यात येणारं नाणं पारखून घेणारा तो पोतदार. तो नाणं वाजवायचा, वजन करायचा, कसाला लावायचा. खणखणीत नाणं, चलनी नाणं, खोटं नाणं, हे शब्द त्याच्या ओट्यावरचे. पण तो धातू पारखत होता. आजची प्रतवारी पारखते ती नाण्याची अवस्था, म्हणजे ते किती झिजलंय, किती ओरखडे आहेत, टाकसाळीतली झळाळी शिल्लक आहे का.

आज जगभर चालते ती एक ते सत्तर अंकांची पट्टी. तिचा जनक डॉ. विल्यम शेल्डन. १९४९ मध्ये त्याने ती मांडली ती जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी, आणि कल्पना अशी होती की सत्तर गुणांच्या नाण्याचा भाव एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट असावा. म्हणजे तो मुळात भाव काढायचा फॉर्म्युला होता. ते भाव केव्हाच मोडीत निघाले, पट्टी मात्र राहिली. याच शेल्डनबद्दल पुढे उघड झालं की त्याने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी कमी प्रतीचे ठेवले होते. प्रतवारीचा बाप अदलाबदल करत होता! आम्ही हे चघळण्यासाठी सांगत नाही. पट्टी कितीही शास्त्रीय दिसली तरी धरणारा हात माणसाचाच असतो, एवढं कळावं म्हणून.

१९८६-८७ पासून अमेरिकेत नाणं तपासून, अंक देऊन, प्लास्टिकच्या डबीत सील करणाऱ्या कंपन्या आल्या. त्याला 'स्लॅब' म्हणतात. त्याचा फायदा आहे, तो आधी मान्य करू. अनोळखी माणसाकडून महाग नाणं घ्यायचं तर अस्सलपणाबद्दल तिसऱ्याचं मत मिळतं. पण डबीवरचे दोन शब्द नीट वाचायला हवेत. एक म्हणजे अंक. तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं तर अंक बदलू शकतो, आणि लोक वरच्या अंकाच्या आशेने पाठवतातही. त्रेसष्ट आणि चौसष्ट यांतला फरक नाण्यात किती आणि त्या दिवशीच्या नजरेत किती, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण भावात तो फरक दुप्पट होतो.

दुसरा शब्द 'पॉप्युलेशन'. 'या प्रतीचे जगात फक्त तीन!' असं लिहितात. वाक्य असं वाचा: 'या कंपनीकडे आलेल्यांपैकी तीन.' परदेशी डबीचा खर्च करून आपल्याकडचे किती लोक दोन-तीन हजारांचा रुपया पाठवतील? जो पाठवलाच नाही तो मोजलाच नाही. आणि तोच नग दोनदा गेला तर दोनदा मोजला जाण्याची शक्यता. वर्गात तीनच मुलांनी परीक्षा दिली आणि एक पहिला आला, तर त्याला आपण जिल्ह्यात पहिला म्हणत नाही.

घरगुती गोष्ट. लक्ष्मीपूजनाचा रुपया आपल्याकडे घराघरांत असतो. दरवर्षी ताटात ठेवायचा, दुधाने-पाण्याने धुवायचा, हळदकुंकू वाहायचं, पुसून डबीत. शंभर वर्षं हे झालंय. काही घरांत चिंचेने घासून लख्ख केलेला. आम्ही भिंगातून बघतो तर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा, झळाळी गेलेली, गाल सपाट. पट्टीवर त्याला 'क्लीन्ड' म्हणून बाजूला काढतील. बाजारात त्याला चांदीपेक्षा थोडंच जास्त मिळेल, हे खरं आणि ते सांगायला हवं. पण 'खराब' हा शब्द आम्ही आता वापरत नाही. 'झिजलेला' म्हणतो. कशाने झिजला तेही सांगतो. आणि हात जोडून विनंती, ज्यांच्याकडे न घासलेलं जुनं नाणं आहे त्यांनी ते टूथपेस्टने चमकवू नका. ती काळसर छटा गेली की परत येत नाही.

शेवटचा मोठा मुद्दा शिवराईचा. इथे बाजार आपल्या श्रद्धेवर धंदा करतो म्हणून जरा थांबून बोलतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. होन अतिशय विरळा. जत्रेत, प्रदर्शनात मिळतात त्या प्रतिकृती, त्या प्रतिकृती म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. शिवराई मात्र भरपूर सापडते, कारण ती महाराजांनंतरही पडत राहिली. पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत, निरनिराळ्या गावच्या टाकसाळींत, आणि बाजारात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. हाताने घणाचा घाव घालून पाडलेलं नाणं. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठे 'श्री' दिसतो तर 'शिव' बाहेर जातो. अक्षरलेखन प्रत्येक कारागिराचं निराळं, ऱ्हस्व-दीर्घ निराळं, 'शिव'चा 'सिव' झालेला. पेशवाईतली दुदांडी शिवराई तर चटकन ओळखू येते. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठ्यांच्या टाकसाळींवरचं १९८९ चं पुस्तक नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेने काढलं. ते चाळलं की या भेदांचं जंगल किती दाट आहे ते कळतं.

आता बाजार काय करतो? प्रत्येक शिवराईच्या पाकिटावर 'शिवकालीन, रायगड टाकसाळ'. आणि वर सत्तरच्या पट्टीतला अंक. दोन्ही चुकीचं. यंत्राच्या नाण्यासाठी बनवलेली पट्टी घणाच्या नाण्याला लावली की ठसा नीट न बसल्याने पुसट राहिलेलं अक्षर झिजेच्या खात्यात जातं. आणि 'शिवकालीन' या एका शब्दाने आपण दोन शतकांचा इतिहास पुसतो. विचार करा. महाराज गेले, गाद्या बदलल्या, कारभारी बदलले, तरी बाजारात भाजी घेताना लोकांच्या हातातल्या तांब्यावर नाव तेच राहिलं. हातातली शिवराई १७८० ची असेल तर तिची किंमत कमी झाली असं वाटण्याचं कारणच काय? उलट नाव किती खोल गेलं होतं त्याचा तो पुरावा आहे. दुकानदाराने खोटं बोलून ते लपवलं.

नकला काही आजच्या नाहीत म्हणा. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ म्हणजे १०६० सालचं. त्या काळात पश्चिम भारतात 'गधैया' नावाची जाड, गुठळीसारखी नाणी चालत. नीट बघितलं तर एका बाजूला ठिपके-रेघा, दुसऱ्या बाजूला ठिपके-रेघा. मूळ कुठलं? पाचव्या शतकातल्या इराणच्या पेरोझ राजाचं नाणं. राजाचा मुखवटा आणि अग्निवेदी. नक्कलेची नक्कल, तिची नक्कल, असं शतकानुशतकं होत राजाचं नाक रेघ झालं आणि वेदीचे ठिपके झाले. पण ही फसवणूक नव्हती. लोकांना सवयीचा छाप हवा होता आणि चांदीचा भरवसा. या ठशांच्या घसरणीवरूनच अभ्यासक त्यांचा पुढचा-मागचा क्रम लावतात. ठशांचे भेद बघण्याचा खरा उपयोग हा.

याच्या उलट 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेली, रामपंचायतन किंवा हनुमान असलेली तांब्याची नाणी. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती पुढे कोणीतरी बनवलेली, देवाचं नाव आणि कंपनीचं नाव एकत्र केलेली कल्पित वस्तू. त्यावरच 'राइस पुलर'चा सापळा उभा आहे, तांदूळ ओढून घेणारं नाणं, परदेशी शास्त्रज्ञ घेणार, करोडो देणार. यात शिकलेली माणसं जमिनी विकून अडकलीत. नाणं तांदूळ ओढत नाही, मंडळी. पैसे ओढतं.

आणि एक, आपल्या भागापुरतं. बदलापूर-अंबरनाथकडे रोज कुठे ना कुठे पाया खणला जातोय. जमिनीत पुरलेला जुना ऐवज सापडला आणि तो दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरतात, वाटून घेतात, सराफाकडे वितळवतात. एकत्र सापडलेली पन्नास नाणी जागेसकट नोंदली गेली तर त्या गावाच्या इतिहासाचं एक पान होतं. पन्नास गिऱ्हाइकांत वाटली की पन्नास पाकिटं होतात, बस्स.

शेवटी आमच्याबद्दल. आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकाने १९३९ चा रुपया घेतला होता. हे साल दुर्मिळ आहे, खरोखर आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला पुष्कळ. आम्ही सगळ्यांनी भिंग फिरवून 'वा!' म्हटलं. काट्यावर कोणीच ठेवला नाही, कारण कोणाला तो खोटा ठरायला नको होता. महिन्याने वजन केलं तेव्हा कमी भरलं. म्हणजे काकूंना झालं तेच आम्हाला झालं. आम्ही शिकलेले होतो एवढाच फरक. त्यानंतर एक नियम केलाय: आधी काटा, मग चुंबक, मग भिंग, आणि शेवटी पाकीट वाचायचं. पाकीट आधी वाचलं की डोळे तेच बघतात.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: घरातली जुनी नाणी विकायची असतील तर काय करावं?

आधी घाई करू नका. वजन करा, दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढा. गेल्या वर्षभरात तसं नाणं लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. मागितलेली किंमत बघू नका, मागायला काय जातं? दोन-तीन ठिकाणी दाखवा. विकण्यासाठी तुमच्याकडूनच आधी पैसे मागणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा 'अमेरिकेतला गिऱ्हाईक' हे ऐकलं की सावध व्हा.

प्रश्न: मुलाला छंद लावायचाय, सुरुवात कशाने करावी?

खिशातल्या सुट्ट्या पैशांनी. एक रुपयाची वीस नाणी त्याच्यापुढे ठेवा आणि कुठली कुठल्या टाकसाळीची ते शोधायला सांगा. खर्च वीस रुपये, आणि तेही परत खर्चता येतात. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय दाखवा.

प्रश्न: त्या काकूंचं पुढे काय झालं?

सायबर पोलिसांकडे तक्रार केली, आम्हीही बरोबर गेलो होतो. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. पाच रुपयांचं ते नाणं त्यांनी देवघरात ठेवलंय. परवा फोनवर म्हणाल्या, "वैष्णोदेवीचं आहे ना, राहू दे."